बजेट गेमिंग पीसी घेताय? कोटेशनमध्ये काय लिहिलेलं नाही ते आधी विचारा

दुकानातून व्हॉट्सॲपवर येणारं गेमिंग पीसीचं कोटेशन बहुतेक वेळा चार ओळींचं असतं. आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड. खाली किंमत आणि शेवटी ‘आरजीबी कॅबिनेट फ्री’. बारावी झालेल्या पोराला घेऊन वडील कोल्हापुरात राजारामपुरीत, शाहूपुरीत दोन-तीन दुकानं फिरतात आणि जिथे हजार-दीड हजार कमी होतात तिथे पैसे मोजून मोकळे होतात. घासाघीस जरूर करावी. पण त्याआधी आय७ कोणत्या जनरेशनचा म्हणजे पिढीचा, ग्राफिक्स कार्डाचं पूर्ण नाव काय, रॅमच्या स्टिक किती आणि एसएमपीएस (सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा) कोणत्या कंपनीचा, हे विचारायला हवं. पीसी चांगला निघणार की वाईट, हे या चार उत्तरांवर ठरतं.

आधी त्या आय७ बद्दल. ‘घ्या की दादा, आय७ हाय, आय३ पेक्षा भारीच की,’ असं दुकानदार म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते पटतं. स्वस्तात मिळणारा हा आय७ बऱ्याचदा ३७७० असतो, म्हणजे २०१२ सालचा. त्याला चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). २०२२ साली आलेल्या आय३-१२१००एफलाही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण एकूण कामात हा आय३ त्या आय७ च्या साधारण दुप्पट वेगाने जातो. नावातला ७ त्या-त्या पिढीतला दर्जा सांगतो. पिढ्या बदलल्या की त्या आकड्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

जुन्या आय७ ची दुसरी अडचण जास्त त्रासदायक आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या जनरेशनचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचा लागतो. काही युक्त्या करून जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवता येतं, पण व्हॅलोरंट हा खेळ तिथे चालू होत नाही, कारण विंडोज ११ वर त्याचं अँटीचीट (फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर) टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीन फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच सुरू होऊ देणारी सोय) तपासतं. ज्या खेळासाठी हट्ट करून मशीन घेतलं तोच खेळ सुरू होत नाही, असं व्हायला नको. दुकानातून उठण्यापूर्वी प्रोसेसरचं पूर्ण नाव आकड्यासह कागदावर लिहून घ्या.

आता निवडीकडे येऊ. सुरुवात मॉनिटरपासून करा, कारण बाकीच्या मशीनला किती काम पडणार हे मॉनिटर ठरवतो. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी मध्ये ते ३६.९ लाख होतात आणि ४के मध्ये जवळपास ८३ लाख. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राला, इतके ठिपके रंगवायचे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर ७ मिलिसेकंदांहूनही कमी. पन्नास-साठ हजारांच्या आसपासच्या मशीनसाठी माझं मत स्पष्ट आहे: १०८०पी, आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा), १४४ किंवा १६५ हर्ट्झ (सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलणारा). ४के टीव्हीला जोडून खेळायचा विचार या बजेटात सोडून द्या.

मग खेळ कोणते, हे पाहायचं. इथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचं नातं समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. गुऱ्हाळात चरक ऊस पिळतो आणि काहिलीत रस आटतो. चरक मंद असेल तर काहील रिकामी तापते. काहील लहान असेल तर रस साठून राहतो. पीसीमध्ये प्रोसेसर हा चरक आहे: कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडं की बंद, हे सगळं ठरवून तो फ्रेमचा कच्चा माल पुढे देतो. ग्राफिक्स कार्ड ही काहील, तिथे त्या मालाचं चित्र तयार होतं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या खेळांत चित्र तुलनेने हलकं असतं आणि फ्रेम मात्र २०० च्या पुढे हव्या असतात, तिथे प्रोसेसरवर ताण येतो. सायबरपंक २०७७ सारख्या खेळात एकेक फ्रेमच जड असते, तिथे कार्ड दमतं. दोघांपैकी जो आधी दमतो त्याच्या वेगाने खेळ चालतो. यालाच बॉटलनेक म्हणतात. तो कुठे ना कुठे असणारच. तो जिथे असलेला चालेल तिथे ठेवायचा, एवढंच आपल्या हातात असतं. तुम्ही दोन्ही प्रकारचे खेळ खेळत असाल तर मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सोडून उरलेल्या रकमेचा ३५ ते ४० टक्के भाग ग्राफिक्स कार्डासाठी धरा. बाकीची वाटणी त्याच्या मागून आपोआप होते.

ग्राफिक्स कार्ड: नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा

सगळ्यात जास्त फसगत याच भागात होते, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

‘४ जीबी कार्ड’ हे वाक्य अपुरं आहे. जीबी म्हणजे कार्डावरच्या मेमरीची जागा, कार्डाची ताकद नव्हे. जीटी ७३० सुद्धा ४ जीबीत मिळतं, पण ते दुसरा मॉनिटर जोडायला किंवा जुन्या मशीनवर डिस्प्ले आणायला ठीक. आजचा खेळ त्यावर चालणार नाही. उलट चांगल्या कार्डाला मेमरी कमी पडली तरी त्रास होतोच. नव्या मोठ्या खेळांत १०८०पी वरही टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) वाढवले की ४ जीबी पटकन भरते, आणि मग फ्रेमचा सरासरी आकडा बरा दिसत असूनही मध्येच खेळ अडखळतो. आज नवीन कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली जाऊ नये.

मग नावांचा गोंधळ. एनव्हिडियाची कार्डं आरटीएक्स नावाने येतात, एएमडीची आरएक्स नावाने. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली ८ जीबीचं कार्ड २०२२ मध्ये आलं आणि ६ जीबीचं २०२४ मध्ये. वाटतं की फरक फक्त दोन जीबीचा. प्रत्यक्षात ६ जीबीवाल्यात कोअर कमी आहेत, २५६० ऐवजी २३०४, आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटऐवजी ९६ बिटचा आहे. ते ७० वॅटमध्ये चालतं आणि त्याला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही. ऑफिसच्या जुन्या ब्रँडेड मशीनमध्ये बसवायचं असेल तर हा मोठा गुण आहे. नवीन पीसी बांधताना मात्र तेवढ्याच पैशांत जास्त ताकदीचं कार्ड मिळतंय का, हे आधी पाहा.

माझ्या मते या बजेटातलं मोजमापाचं कार्ड आरएक्स ६६०० आहे. २०२१ चं आहे, ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, आणि १०८०पी वर बहुतेक खेळ हाय सेटिंगला ६० च्या वर नेतं. आरटीएक्स ३०५० ८ जीबीपेक्षा ते ठळकपणे पुढे आहे. दुकानदार दुसरं काही सुचवत असेल तर ‘हे ६६०० पेक्षा किती पुढे आणि किती महाग’ असं विचारायचं. पैसे थोडे सैल असतील तर आरटीएक्स ४०६० (२०२३, ११५ वॅट) किंवा आरएक्स ७६०० (२०२३, १६५ वॅट) हे पुढचे टप्पे. एनव्हिडियाकडे डीएलएसएस आहे, म्हणजे कमी रिझोल्यूशनला चित्र बनवून ते हुशारीने मोठं करणं. शिवाय ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंगचं काम करणाऱ्यांना एनव्हिडियाचं कार्ड सोयीचं पडतं. नुसते खेळच खेळायचे असतील तर एएमडी त्याच पैशांत सहसा जास्त फ्रेम देतं. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबी मेमरी घेऊन आलं. कार्ड चांगलं आहे, पण बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर ते खूप मागे पडतं आणि जुन्या प्रोसेसरसोबत त्याची ताकद वाया जाते. नवीन प्लॅटफॉर्म घेणाऱ्यानेच त्याचा विचार करावा.

आरएक्स ६५०० एक्सटी मात्र टाळा. मदरबोर्डाशी बोलायला त्याच्याकडे फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) आहेत आणि बहुतेक कार्डांवर मेमरीही ४ जीबीच. मेमरी भरली की माल रॅममधून आणावा लागतो आणि तो याच अरुंद वाटेने येतो. पीसीआयई (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणारी वाट) ४.० च्या मशीनवर कसंबसं निभावतं, ३.० वर ते आणखी घसरतं. आणि बजेटात घेतले जाणारे रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे दोन्ही प्रोसेसर ३.० वरच चालतात. सुटे सुटे पाहिले तर दोन्ही भाग स्वस्त आणि बरे वाटतात, पण जोडी मात्र जमत नाही.

प्रोसेसर, आणि कार्ड आत्ता परवडत नसेल तर

रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअर आणि बारा थ्रेडचे. या दोहोंपैकी ज्या दिवशी जो बोर्डासकट स्वस्त पडेल तो घ्या, वरच्या कोणत्याही कार्डाला तो पुरेल. पैसे अगदीच आखडते असतील तर आय३-१२१००एफ अजूनही चालतो. फक्त मागे डिस्कॉर्ड (खेळताना बोलायचं ॲप), ब्राउझर आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून खेळायची सवय असेल तर चार कोअर कमी पडतात.

शेवटची अक्षरं इथेही महत्त्वाची आहेत. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड नसेल तर पडदा काळाच. रायझनमध्ये ‘जी’ असेल तर आत बरं ग्राफिक्स आहे. ५५००, ५६०० आणि ५६००जी यांना लोक एकाच माळेचे मणी समजतात. ५६०० ला ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, बाकी दोघांना १६. खेळात हा फरक दिसतो.

इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांसाठी एक वाट मला फार आवडते. घरून पस्तीस-चाळीस हजार मिळालेत, पुढच्या वर्षी इंटर्नशिपचे किंवा भाऊबीजेचे थोडे जमतील, अशी परिस्थिती असेल तर कमकुवत कार्ड घेऊन पैसे अडकवू नका. ५६००जी सारखा प्रोसेसर घ्या, रॅम दोन स्टिकमध्ये घ्या, एसएमपीएस चांगला घ्या आणि कार्डाची जागा रिकामी ठेवा. व्हॅलोरंट १०८०पी वर कमी सेटिंगला ६० च्या वर आरामात चालतो, कॉलेजचं सगळं काम होतं आणि वर्षभराने चांगलं कार्ड आणून लावता येतं. बजेट थोडं जास्त असेल तर हेच एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या खाचेवर) करावं. एएम४ सॉकेटवर रायझन २०१७ पासून आहे आणि आता तो त्याच्या शेवटाला आला आहे. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही सपोर्टचं आश्वासन दिलं आहे. फक्त एएम५ ला डीडीआर५ (डीडीआर४ च्या पुढच्या पिढीची) रॅमच लागते. इंटेलच्या १२, १३, १४ या जनरेशनचा सॉकेट एकच आहे, त्यापुढे रस्ता बंद. त्या सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे असतात, काही डीडीआर५ चे. बिल करण्यापूर्वी तपासा, कारण एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

मदरबोर्डावर फार वेळ घालवू नका. रॅमचे चार नसले तरी दोन स्लॉट आणि एनव्हीएमईचा (वेगवान एसएसडीचा) एक तरी स्लॉट हवा, आणि पॉवरच्या भागावर हीटसिंक असेल तर उत्तम. एएम४ चा जुना साठा असेल तर बायोस अपडेट करूनच घ्या, नाहीतर ५६०० बसवूनही मशीन सुरू होणार नाही.

रॅम १६ जीबी, पण ८ च्या दोन स्टिक. प्रोसेसर दोन्ही स्टिकशी एकाच वेळी बोलतो, याला ड्युअल चॅनल म्हणतात. ‘जी’ प्रोसेसरला स्वतःची ग्राफिक्स मेमरी नसते, तो रॅमच वापरतो, त्यामुळे त्याला एकच स्टिक दिली तर खेळाचा वेग खूपच उतरतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीच्या किमती जोरात चढल्या. एआयच्या डेटा सेंटरांची मेमरीची मागणी प्रचंड वाढली, त्याचा हा परिणाम. म्हणून जुन्या व्हिडिओतले भाव घेऊन दुकानदाराशी भांडू नका. घरातल्या जुन्या मशीनमधली डीडीआर४ रॅम चांगली असेल तर ती वापरा.

एसएसडी एनव्हीएमई घ्या. साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते, पीसीआयई ३.० ची चांगली एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाते. तरी खेळ लोड होताना साटा आणि एनव्हीएमईतला फरक थोडाच जाणवतो. हार्ड डिस्क आणि एसएसडीतला मात्र लगेच कळतो. ५१२ जीबीत दोन मोठे खेळ आणि विंडोज बसलं की जागा संपत येते.

एसएमपीएस: इथे एक रुपया कमी करू नका

कोटेशनमध्ये ज्याचं नावही नसतं तोच भाग बाकी सगळ्यांना वीज पुरवतो. वीज वर-खाली झाली की आधी त्याच्यावर येतं, आणि तो हलक्या दर्जाचा असेल तर जाताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं. त्या आकड्यावर जाऊ नका, बाजूचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्टच्या रकान्यात जितके अँपिअर लिहिलेत त्याला १२ ने गुणा. १५ अँपिअर असतील तर कामाचे वॅट १८०, वर ४५० लिहिलेलं असलं तरी. खऱ्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर हा गुणाकार चारशेच्या पुढे जातो.

रायझन ५६०० आणि आरएक्स ६६०० चं मशीन खेळताना साधारण २५० ते २७० वॅट घेतं. म्हणजे ८० प्लस ब्राँझचा (कमी वीज वाया घालवण्याचा दाखला असलेला) ४५० किंवा ५५० वॅटचा नामांकित एसएमपीएस भरपूर झाला. ७५० ची गरज नाही. वीजबिलाची काळजी करणाऱ्या घरच्यांना सांगायला सोपा हिशोब: रोज चार तास खेळलात तर साधारण एक युनिट, मॉनिटर वेगळा.

इथे कोल्हापूरच्या घरांबद्दल बोलायलाच हवं. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, बुधवार पेठेतल्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनेची वायर पुष्कळदा फक्त बोर्डापर्यंत आलेली असते, पुढे जमिनीत अर्थिंगच नसतं. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात किंवा चिमटा बसल्यासारखं होतं. लोक म्हणतात, मशीन बिघडलं. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला खडखडाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांची गळती अर्थमध्ये जावी अशीच रचना असते. अर्थ नसेल तर ती गळती कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन थांबते. उपाय एकच, वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या. चांगल्या स्पाइक गार्डलाही अर्थ लागतोच.

एप्रिल-मे मध्ये वळीव गडगडायला लागला की प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. राउटरमधून येणारी लॅनची वायरही काढा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. वीज गेल्यावर खेळ सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता तो उपयोगी आहे. पंचगंगेच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ चे पूर आठवत असतीलच, त्यांनी कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये.

कॅबिनेट घेताना पुढच्या बाजूला काच नको, जाळी हवी. पुढून थंड हवा आत, मागून गरम बाहेर, दोन-तीन पंखे पुरतात. करवीर, कागल, शिरोळकडच्या गावांत पाचट पेटवलं की काळी राख खिडकीतून घरात येते, ती या पंख्यांवर बसते. धुळीची जाळी काढून धुता येणारी असेल तर फार बरं.

जुनं कार्ड घ्यावं का?

घ्यावं, पण समोर चालवून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं सोडवून चलन मिळवणं) बंद झालं आणि त्या कामात राबलेली असंख्य कार्डं बाजारात आली. मायनिंगमधलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखे आणि थर्मल पेस्ट मात्र थकलेली असतात. विकणाऱ्याकडे अर्धा तास जड खेळ चालवा, पडद्यावर ठिपके किंवा पट्ट्या येतात का पाहा, पंख्याचा आवाज ऐका, बिल आणि सिरीयल नंबर जुळवा. आरएक्स ५८० घेताना ‘२०४८एसपी’ असं लिहिलंय का बघा, ते मूळ ५८० पेक्षा कमी कोअरचं आहे. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० ही कार्डं २०१६ ची. एनव्हिडियाने त्यांच्यासाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं आहे. ती फार स्वस्त मिळाली तरच घ्या.

नवीन भाग ऑनलाइन स्वस्त दिसले तरी तुलना जीएसटीसकट करा आणि वॉरंटी भारतातली आहे का ते पाहा. एक-दोन टक्के जास्त देऊनही मी एसएमपीएस आणि मदरबोर्ड गावातल्या दुकानातून घेण्याच्या मताचा आहे, कारण हे भाग बिघडले की तपासायला दुसरा भाग हाताशी लागतो आणि तो दुकानात असतो. बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. ‘असेंबल्ड पीसी, १ नग’ असं बिल वॉरंटीच्या वेळी काही कामाचं नाही. ऑनलाइन घेतलंत तर पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

मशीन घरी आल्यावर चार गोष्टी त्याच दिवशी करा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावलीय का बघा. मदरबोर्डात लावली असेल तर खेळ कार्डावर नीट चालणारच नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रेंगाळत राहते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १४४ निवडा. बऱ्याच जणांचा १४४ हर्ट्झचा मॉनिटर वर्षानुवर्षं ६० वरच चाललेला असतो. मग एखादा जड खेळ तासभर चालवून तापमान पाहा. कार्ड ७०-७५ अंशांच्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. प्रोसेसर नव्वदीच्या पुढे जाऊन तिथेच थांबत असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा त्याच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलंय. मशीन बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बिलासकट दुकानात घेऊन जा.